इन-इअर हेडफोन

इन-इअर हेडफोन हे कर्णनलिकेच्या तोंडाशी किंवा तिच्या किंचित आत बसवून संगीत, संभाषण वा अन्य ध्वनी ऐकण्याचे लहान आकाराचे श्रवणसाधन आहे. बोलभाषेत त्याला इअरफोन, इअरबड किंवा नुसते 'बड्स' म्हणतात. रंगमंचावरील कलावंत आणि ध्वनितंत्रज्ञ याच जातीच्या व्यावसायिक साधनाला 'इन-इअर मॉनिटर' किंवा संक्षेपाने 'आयईएम' म्हणतात. डोक्यावरून घालायचा हेडफोन कानाला बाहेरून झाकतो, तर इन-इअर हेडफोन कानाची नळीच बुचासारखी बंद करतो. त्यामुळे बाहेरचा गोंगाट कमी पोहोचतो आणि कमी आवाजातही संगीत स्पष्ट ऐकू येते. हा या साधनाचा मुख्य गुण असून, डीजेसाठी असो वा रोजच्या ऐकण्यासाठी, त्याची निवड प्रथम याच निकषावर करावी लागते. किंमत, नाममुद्रा आणि 'जबरदस्त बास' यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

संज्ञा

महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मूळ अर्थ ध्वनिमुद्रित गाणी निवडून, एकमेकांत मिसळून वाजवणारी व्यक्ती असा आहे. मिरवणुकीत वाहनावर रचलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलाही लोक 'डीजे' किंवा 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे वस्तुतः ध्वनितंत्रज्ञान विकसित करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव असून मिरवणुकीतील त्या खोक्यांशी तिचा संबंध नाही. प्रस्तुत लेखात डीजे हा शब्द व्यक्ती या अर्थाने योजला आहे.

कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात नुसते अडकणारे, नळी बंद न करणारे जुन्या पद्धतीचे इअरबड आणि रबरी किंवा फोमची टोपी असलेले इन-इअर यांत अनेकदा गल्लत होते. दिसायला ते सारखे असले तरी गोंगाट अडवण्याच्या बाबतीत त्यांच्यात मोठे अंतर आहे.

इतिहास

कानात घालायच्या श्रवणसाधनाची कल्पना डोक्यावरच्या हेडफोनइतकीच जुनी आहे. फ्रेंच अभियंता अर्नेस्त मेर्काडिये याने १८९१ साली दूरध्वनीसाठी कानात बसणाऱ्या हलक्या जोडसाधनाचे पेटंट घेतले. पुढील काळात मात्र मोठ्या हेडफोनचेच युग आले. अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास नौदलाला हेडफोन पुरवले आणि जॉन कॉस याने १९५८ साली संगीतश्रवणासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. सोनी कंपनीच्या १९७९ च्या वॉकमनने संगीत खिशात आणले आणि चालता-फिरता ऐकण्याची सवय जगभर रुजवली.

आजच्या इन-इअरचे मूळ श्रवणविज्ञानात आहे. मीड किलियन यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने १९९१ साली ईआर-४ हा गोंगाट अडवणारा उच्च प्रतीचा इअरफोन बाजारात आणला. श्रवणयंत्रांत वापरले जाणारे सूक्ष्म ध्वनिघटक त्यात संगीतासाठी योजले होते. रंगमंचावरील वापराला १९९५ साली गती मिळाली. व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाच्या ध्वनितंत्रज्ञाने, जेरी हार्वी याने, तालवादक ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले व त्याच वर्षअखेर बिनतारी एअरपॉड्स विक्रीस आणले. त्यानंतर बिनतारी बड्स सर्वसामान्य झाले.

रचना आणि कार्य

इअरफोनमध्ये विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या घटकाला ड्रायव्हर म्हणतात. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्याला जोडलेला पातळ पडदा कंप पावतो. मोठ्या ध्वनिक्षेपकाचीच ही छोटी आवृत्ती असून खर्जाचे स्वर त्यातून भरदार येतात. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रातून आलेला प्रकार आकाराने फार लहान असतो व बारीक तपशील स्वच्छ दाखवतो. महागड्या मॉनिटरमध्ये खर्ज, मध्य व तार भागांसाठी वेगवेगळे आर्मेचर असतात, तर काहींत दोन्ही प्रकारांचा संकर केलेला असतो. ड्रायव्हरची संख्या हा जाहिरातीचा आवडता मुद्दा आहे, पण एका चांगल्या डायनॅमिक ड्रायव्हरचा इअरफोन पाच सामान्य ड्रायव्हरच्या इअरफोनपेक्षा सरस ठरू शकतो.

मानवी बाह्यकर्णनलिका सुमारे २५ मिलिमीटर लांब असून ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी नैसर्गिकरीत्या वाढवते. इअरफोनने नळी बंद केली की हे अनुनादाचे गणित बदलते. म्हणून चांगल्या इअरफोनच्या ध्वनिरचनेत या पट्ट्यातील तूट भरून काढलेली असते. प्रत्येकाच्या नळीची लांबी व वळण निराळे असल्याने एकाच इअरफोनबद्दल दोन जाणकारांची मते भिन्न असू शकतात, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

कानात नीट बसणे

खर्जाचे स्वर हे हवेच्या दाबातील संथ बदल असतात. टोपी आणि नळीची त्वचा यांत बारीकशी फट राहिली तरी हा दाब निसटतो आणि प्रथम बास नाहीसा होतो. नव्या इअरफोनचा आवाज 'पत्र्यासारखा' लागल्याची तक्रार पुष्कळदा ड्रायव्हरमुळे नसून टोपीच्या चुकीच्या मापामुळे असते. खोक्यात साधारणतः तीन मापांच्या टोप्या येतात. डाव्या व उजव्या कानाला वेगवेगळे माप लागणे अगदी सामान्य आहे.

टोपी नीट बसली की नाही हे उपकरणाविना तपासता येते. इअरफोन घालून, संगीत बंद ठेवून, मोठ्याने बोलल्यास स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आला पाहिजे. कान बोटांनी बंद केल्यावर येतो तसाच हा परिणाम असतो. नंतर डग्गा किंवा मृदंग असलेले परिचित ध्वनिमुद्रण लावून इअरफोन हलकेच आत दाबावा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर फट आहे असे समजून मोठे माप घ्यावे.

सिलिकॉनची टोपी धुता येते व टिकते. फोमची टोपी बोटांनी चिमटून आत सरकवायची असते. ती आत फुगून नळी भरते, त्यामुळे गोंगाट अधिक अडतो, मात्र काही महिन्यांत बदलावी लागते. नीट बसलेली टोपी साधारण २० ते ३० डेसिबल गोंगाट रोखते. व्यावसायिकांसाठी कानाचा साचा घेऊन मापाचा मॉनिटर बनवून घेता येतो. हा साचा श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यावा, कारण नळीत खोलवर द्रव भरण्याचे ते काम आहे.

डीजेसाठी निवड

डीजेला हेडफोन लागतो तो 'क्यू' करण्यासाठी, म्हणजे श्रोत्यांना एक गाणे ऐकू जात असताना पुढचे गाणे स्वतःपुरते ऐकून त्याची लय जुळवण्यासाठी. न्यूयॉर्कमधील फ्रान्सिस ग्रासो याने १९६० च्या दशकाअखेर ही लय जुळवण्याची पद्धत रूढ केली. परंपरेने डीजे कानावरचा बंद हेडफोन वापरतात आणि एक कान मोकळा ठेवतात. झेनहायझर कंपनीचा १९८८ मधील एचडी २५ हा हेडफोन फिरत्या कर्णकपामुळे या कामात दीर्घकाळ मानदंड ठरला. अशा हेडफोनची सोय इन-इअरमध्ये नाही. तो क्षणात काढता-घालता येत नाही, खांद्यावर टेकवून धरता येत नाही आणि घाईत ओढला तर टोपी निघून येते. जे डीजे सतत एका कानाने सभागृह व दुसऱ्याने क्यू ऐकतात त्यांना कानावरचा हेडफोनच सोयीचा पडतो.

तथापि इन-इअरच्या बाजूने एक वजनदार कारण आहे. मोठ्या ध्वनिक्षेपकांजवळ आवाजाची पातळी १०० डेसिबलपर्यंत सहज जाते. मोकळ्या इअरबडने क्यू ऐकायचा तर तो या गोंगाटावर चढवावा लागतो, म्हणजे कानापाशी १०० डेसिबलहून अधिक आवाज न्यावा लागतो. २५ डेसिबल रोखणारा इन-इअर घातल्यास बाहेरचा आवाज कानाशी सुमारे ७५ डेसिबल उरतो आणि ८० ते ८५ डेसिबलला क्यू स्पष्ट ऐकू येतो. हा लाभ दोन्ही कानांत इअरफोन असेल तरच मिळतो. एक कान मोकळा ठेवला की तो पूर्ण गोंगाट सोसतो. शिवाय दोन्ही कानांनी ऐकताना तोच ध्वनी मोठा भासत असल्याने एका कानाने ऐकणारा माणूस नकळत आवाज वाढवतो. हे टाळण्यासाठी अनेक मिक्सरवर 'स्प्लिट क्यू' ही सोय असते. तिच्यात एका कानात पुढचे गाणे आणि दुसऱ्या कानात श्रोत्यांना चाललेले गाणे येते, त्यामुळे कान उघडा न ठेवता लय जुळवता येते. इन-इअर घेऊ इच्छिणाऱ्या डीजेने आपल्या मिक्सरवर ही कळ आहे का हे आधी पाहावे.

डीजेच्या कामासाठी सर्वसाधारण ब्लूटूथ इअरफोन निरुपयोगी आहे. ब्लूटूथमध्ये ध्वनी संकुचित करून पाठवण्यात व उलगडण्यात वेळ जातो. नेहमीच्या पद्धतीत हा विलंब १५० ते २५० मिलिसेकंद असतो. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांतील अंतर सुमारे ४६९ मिलिसेकंद असते. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा विलंब जवळजवळ अर्धा ठोका खातो. वीस-तीस मिलिसेकंदांचा फरकही दोन ठोके फाटून ऐकू येण्यास पुरतो. हवेतून येणाऱ्या ध्वनीलाही वेळ लागतो. १० मीटर अंतरासाठी तो सुमारे २९ मिलिसेकंद असतो, म्हणूनच दूरच्या मुख्य ध्वनिक्षेपकावर विसंबून लय जुळवणे कठीण जाते आणि डीजेजवळ स्वतंत्र मॉनिटर ठेवतात. डीजेने तारेचा इअरफोनच घ्यावा. त्याची तार इअरफोनपासून सुटी होणारी आणि कानामागून वळवून घेण्याजोगी असावी. तार हे पहिले तुटणारे अंग आहे.

मिक्सरचे हेडफोन-छिद्र बहुधा ६.३५ मिलिमीटरचे व इअरफोनची पिन ३.५ मिलिमीटरची असते. त्यासाठी आटे असलेला जोडक जवळ बाळगावा. इन-इअरचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतरोध, सहसा १६ ते ३२ ओहम असतो आणि संवेदनशीलता फार जास्त असते. मिक्सरची कळ थोडी फिरवली तरी आवाज एकदम वाढतो, म्हणून इअरफोन कानात घालण्यापूर्वी कळ शून्यावर आणणे हा नियमच मानावा. बहुआर्मेचर इअरफोनचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो. मिक्सरच्या हेडफोन-छिद्राचा स्वतःचा रोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून अधिक असल्यास स्वरांचा समतोल बिघडतो. या कामासाठी साधा, दणकट, एक डायनॅमिक ड्रायव्हरचा इअरफोन अधिक भरवशाचा असतो.

दापोलीसारख्या तालुक्याच्या गावी डीजेचे काम हंगामी असते. लग्नसराई, गणेशोत्सव, शिमगा आणि कर्दे, मुरूड, हर्णै या किनाऱ्यावरील पर्यटकांचे कार्यक्रम यांवर ते चालते. कार्यक्रम बहुधा मोकळ्या मैदानात किंवा मांडवात होतात व डीजेचे टेबल अनेकदा ध्वनिक्षेपकांच्या अगदी शेजारी मांडलेले असते. अशा ठिकाणी टेबल ध्वनिक्षेपकांच्या मागे व दूर नेणे हा कोणत्याही हेडफोनपेक्षा स्वस्त उपाय आहे. ढोल-ताशा वाजवणारे कानात कापसाचे बोळे घालतात, पण कापूस फारच थोडा ध्वनी अडवतो. त्यांनाही फोमचे बोळे अधिक उपयुक्त ठरतात.

दैनंदिन श्रवणासाठी निवड

रोजच्या ऐकण्यात विलंबाचा प्रश्न गौण असतो, कारण चित्रफीत दाखवणारी बहुतेक उपयोजने चित्र मागे ठेवून मेळ साधतात. येथे बिनतारी बड्सची सोय मोठी आहे. प्रश्न उरतो तो प्रवासातील गोंगाटाचा. दापोलीला रेल्वे नाही. मुंबईहून कोकण रेल्वेने येणारा प्रवासी खेडला उतरून एसटी किंवा अन्य वाहनाने घाट चढतो, आणि रस्त्याने येणाऱ्याचा प्रवास सहा-सात तासांचा होतो. इंजिनाची घरघर ही खर्जातील, एकसुरी असते. सक्रिय गोंगाट-निरसन, अर्थात 'एएनसी', नेमके हेच काम चांगले करते. त्यात मायक्रोफोन बाहेरचा ध्वनी टिपतो आणि त्याच्या उलट लहर निर्माण करून तो शमवतो. शेजाऱ्याचे बोलणे किंवा हॉर्नचा कर्कश आवाज यांवर त्याचा प्रभाव कमी असतो. तो भाग टोपीनेच अडवायचा असतो. त्यामुळे सैल बसणाऱ्या एएनसी बड्सपेक्षा घट्ट बसणारे साधे इअरफोन पुष्कळदा सरस ठरतात.

स्वराच्या दृष्टीने पाहता मराठी श्रोत्याच्या ऐकण्यात मानवी आवाजाचा वाटा मोठा आहे. भावगीत, नाट्यसंगीत, अभंग, कीर्तन, व्याख्याने आणि बोलती पुस्तके यांत शब्द कळणे महत्त्वाचे असते व शब्दांची ओळख पटवणारी व्यंजने मध्य आणि तार पट्ट्यात असतात. खर्ज अतोनात वाढवलेला इअरफोन या पट्ट्यावर आवरण घालतो. मग शब्द ऐकण्यासाठी एकूण आवाज वाढवला जातो. खरेदीपूर्वी तानपुरा, तबला व गायन असलेले परिचित ध्वनिमुद्रण ऐकावे. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू यावी, डग्ग्याची घुमक असावी, पण तिने गायकाचा शब्द झाकू नये. एवढी कसोटी बहुतेकांना पुरेशी आहे.

रस्त्याने चालताना, विशेषतः फुटपाथ नसलेल्या वळणाच्या रस्त्यावर, कान बंद करणारे साधन धोक्याचे आहे. दुचाकी चालवताना तर ते वापरूच नये. बाहेरचा आवाज आत सोडणारी 'ट्रान्स्परन्सी' सोय उपयुक्त असली तरी मागून येणाऱ्या वाहनाची दिशा तीतून नीट कळतेच असे नाही.

आवाजाची मर्यादा

अंतर्कर्णातील शंखाकृती कर्णावर्तात असलेल्या केशपेशी ध्वनीची कंपने मज्जातंतूंपर्यंत पोहोचवतात. अतिरिक्त आवाजाने त्या थकतात व पुढे नष्ट होतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कान दडपल्यासारखे वाटणे किंवा कानात शिट्टीसारखा नाद येणे ही इजेची पहिली खूण आहे. दुसऱ्या दिवशी ते थांबले म्हणून इजा झाली नाही असे मानता येत नाही. डीजेच्या बाबतीत श्रवणशक्ती हेच उपजीविकेचे साधन असल्याने या खुणेकडे होणारे दुर्लक्ष महागात पडते.

अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा असून दर ३ डेसिबल वाढीला अवधी निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. संगीत ऐकण्याच्या साधनांसाठी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास ही मात्रा धरली आहे. हेच गणित पुढे नेल्यास ८९ डेसिबलला आठवड्याचा कोटा ५ तासांत संपतो. मुंबई ते दापोली या एका प्रवासात तो ओलांडला जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांना असुरक्षित श्रवणामुळे बहिरेपणाचा धोका आहे.

'साठ टक्के आवाज, साठ मिनिटे' हा प्रचलित नियम ढोबळ आहे, कारण ६० टक्के म्हणजे किती डेसिबल हे फोन व इअरफोन यांच्या जोडीवर ठरते. अनेक फोनमध्ये आवाजाची पातळी मोजणारी किंवा कमाल मर्यादा घालणारी सोय असते. तिचा उपयोग अधिक खात्रीचा. तीही नसल्यास शांत खोलीत सुखद वाटेल इतका आवाज ठेवून त्या खुणेपलीकडे न जाणे बरे.

सार्वजनिक ध्वनीबाबत भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. २०१८ च्या गणेश विसर्जनापूर्वी डीजे व डॉल्बी यंत्रणांना परवानगी देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. हे नियम परिसरातील गोंगाटाचे आहेत; हेडफोनमधील आवाजाला ते लागू होत नाहीत. रात्री दहाच्या निर्बंधातूनच दक्षिण गोव्यातील पाळोळे येथे प्रत्येक श्रोत्याला बिनतारी हेडफोन देऊन होणारे 'नि:शब्द' नृत्यकार्यक्रम लोकप्रिय झाले. तेथे शेजाऱ्यांची झोप शाबूत राहते, परंतु प्रत्येक कानाची मर्यादा ज्याची त्याने सांभाळायची असते.

दमट हवा आणि निगा

दापोली परिसरात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरील हवा खारट असते. इअरफोनवरील आयपीएक्स-४ ही खूण शिंतोड्यांपासून, तर आयपीएक्स-७ ही १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत संरक्षण दर्शवते. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राच्या पाण्याची व घामाची हमी त्यांत नसते. बड्सच्या व पेटीच्या धातूच्या टोकांवर क्षार साचून चार्जिंग बंद पडणे ही किनारी भागातील नेहमीची व्यथा आहे. वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवल्यास ती पुष्कळशी टळते. ओले बड्स पेटीत घालून चार्ज करू नयेत.

दमट हवेत कर्णनलिकेत बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते आणि तासन्‌तास नळी बंद ठेवल्याने तो बळावतो. कानास खाज, ओल किंवा दुखणे असल्यास इन-इअर वापरणे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. दुसऱ्याचे इअरफोन वापरू नयेत. जाळीवर मळ साचला की एका कानाचा आवाज मंदावतो व बिघाड झाल्याचा समज होतो. मऊ कोरड्या ब्रशने, जाळी खाली धरून, तो काढता येतो.

खरेदीच्या वेळी

बिनतारी इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीत मोडतात, त्यामुळे खोक्यावर नोंदणी क्रमांक आहे का हे पाहावे. बिनतारी बड्समधील बॅटरी सहसा बदलता येत नाही आणि दोन-तीन वर्षांत तिची क्षमता घटते. तारेचा इअरफोन या दृष्टीने दीर्घायुषी आहे. तार सुटी होत असेल तर केवळ तार बदलून भागते. डीजेने एक साधा तारेचा इअरफोन नेहमी जादा ठेवावा. लहान गावात दुरुस्ती-केंद्र जवळ नसल्याने हमीपत्राची सेवा टपालाने मिळते की प्रत्यक्ष जावे लागते, हे विकत घेण्याआधी विचारून घ्यावे. टोप्यांची वेगळी विक्री होते का, हेही पाहावे, कारण हरवते ती बहुधा टोपीच.